पेढ्यांचे संघ, लोकांचा खेळ

मनिलातील एखाद्या जीपनीचालकास, चर्चच्या दारापाशी मेणबत्त्या विकणाऱ्या बाईस किंवा थेट सिनेटच्या सभासदास ‘बास्केटबॉलमध्ये आपण कोणत्या संघाचे?’ असे विचारले, तर उत्तरात गावाचे, पेठेचे अथवा प्रांताचे नाव बहुधा ऐकू येत नाही. ऐकू येते ते एका जिनचे, एका बिअरचे, एका रंगाच्या कारखान्याचे किंवा घरोघरी वीज पुरवून महिनाअखेरीस देयक पाठविणाऱ्या कंपनीचे. इतर देशांत क्रीडासंघ हा नगराचा अभिमान वाहतो आणि व्यापारी पेढी त्याच्या सदऱ्यावर आपले नाव छापून घेण्यासाठी पैसे मोजते. फिलिपीन्समध्ये मात्र पेढी हाच संघ, तिचा माल हेच संघाचे नाव, आणि त्या नावासाठी गेली पन्नास वर्षे माणसे रडत, भांडत व नवस बोलत आली आहेत. फिलिपीन बास्केटबॉल असोसिएशन, अर्थात पी. बी. ए., ही आशियातील पहिली व्यावसायिक बास्केटबॉल लीग होय. आणि जाहिरातीसाठी उभारलेल्या वस्तूला जनता आपल्या मालकीची कशी करून घेते, याचे तिच्या इतिहासाइतके चांगले उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही.

खेळ अर्थातच परका. १८९८ नंतर स्पेनचा अंमल जाऊन अमेरिकेचा आला, तेव्हा त्या नव्या राज्यकर्त्यांबरोबर शाळाशिक्षक आले आणि वाय. एम. सी. ए.चे क्रीडाप्रचारकही आले. १९१० च्या सुमारास त्यांनी तेथील शाळांत हा खेळ रुजविला, तोही आरंभी मुलींचा खेळ म्हणून. तो पुरुषांच्या हाती जाण्यास फार काळ लागला नाही, आणि १९१३ साली मनिलात भरलेल्या पहिल्या सुदूर पूर्वेकडील क्रीडास्पर्धांत यजमानांनी त्यात अजिंक्यपद मिळविले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये, जेथे बास्केटबॉलचा समावेश प्रथमच झाला होता, फिलिपीन्स पाचवे आले आणि हरले ते एकट्या अमेरिकेकडून; पुढे १९५४ साली रिओ दि जानेरो येथील जागतिक स्पर्धेत कार्लोस लोयझागा या उंच्यापुऱ्या मध्यरक्षकाच्या बळावर त्यांनी तिसरे स्थान पटकाविले. ज्या देशातील सामान्य पुरुषाची उंची साडेपाच फुटांपर्यंतही पोहोचत नाही, त्याने उंचांचा हा खेळ जीवाभावाचा मानावा, याचे नवल परदेशी लेखकांना नेहमी वाटत आले आहे. परंतु खेळाला लागते तरी काय? फुटबॉलला मैदान हवे, तर बास्केटबॉलला माडाच्या खोडाला ठोकलेले एक कडे पुरते. वस्तीवस्तीतून सिमेंटचे एक अंगण असतेच. सुगीत त्यावर भात वाळत पडते, निवडणुकीत सभा भरते, आणि उरलेल्या वेळी पायांत रबरी सपाता घालून पोरे चेंडू आपटीत असतात.

या लोकप्रियतेचा व्यापारी उपयोग १९३८ पासूनच सुरू झाला होता. त्या वर्षी स्थापन झालेल्या मनिला इंडस्ट्रियल अँड कमर्शियल अ‍ॅथलेटिक असोसिएशन या लांबलचक नावाच्या संस्थेत (तिला सारे ‘मिका’ म्हणत) रंगाच्या, पोलादाच्या, बिअरच्या व कापडाच्या पेढ्यांचे संघ खेळत. नियमाप्रमाणे खेळाडू हौशी होते; म्हणजे कंपनीच्या हजेरीपटावर त्यांचे नाव असे आणि पगारपत्रकावर त्यांची सही असे, मात्र दप्तरात त्यांची खुर्ची कोणती हे शिपायालाही सांगता आले नसते. मुंबईतील टाइम्स शील्डचे सामने ज्यांनी पाहिले आहेत, मफतलाल, निर्लॉन, ए. सी. सी. ही नावे ज्यांना धावफलकावरून परिचित आहेत, त्यांना ही व्यवस्था नवी वाटणार नाही. भेद एवढाच की, मुंबईचा प्रेक्षक गावसकरांसाठी जाई, निर्लॉनसाठी नव्हे. मनिलाचा प्रेक्षक मात्र खेळाडूकडून हळूहळू पेढीच्या नावाकडेच वळला.

‘मिका’वर हुकमत चाले ती बास्केटबॉल असोसिएशन ऑफ द फिलिपीन्स या राष्ट्रीय संस्थेची. राष्ट्रीय संघासाठी खेळाडू कधी व किती दिवस सोडावयाचे, स्पर्धा कधी तहकूब करावयाची, शिक्षा कोणास आणि माफी कोणास द्यावयाची, हे सारे तिच्या मर्जीवर अवलंबून असे. पैसा ओतणाऱ्या पेढ्यांना आपल्याच संघांच्या बाबतीत बोलण्याची सोय नव्हती. १९७१ साली एका सामन्यात मेराल्को या वीजकंपनीच्या संघातील रॉबर्ट जावोर्स्की व अल्बर्टो रेनोसो यांनी पंचांवर हात टाकला, तेव्हा त्यांना तहहयात बंदी करण्यात आली. आणि १९७३ ची आशियाई स्पर्धा मनिलात भरण्याची वेळ आली, तेव्हा त्यांच्यावाचून जिंकणे कठीण असे दिसताच ती तहहयात बंदी उठविण्यात आली. फिलिपीन्सने ती स्पर्धा जिंकली, हे खरे. परंतु असल्या लवचिक न्यायाखाली कारभार करणे पेढ्यांना फार दिवस मानवणारे नव्हते. अखेर नऊ पेढ्या ‘मिका’तून बाहेर पडल्या, त्यांनी खेळाडूंशी उघडपणे वेतनाचे करारनामे केले, आणि ९ एप्रिल १९७५ रोजी केझॉन सिटीतील अरानेता कोलिझियम या घुमटाखाली नव्या लीगचा पहिला सामना झाला. त्याच घुमटाखाली त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात महंमद अली आणि जो फ्रेझर यांची सुप्रसिद्ध झुंज झाली. जगाला त्या जागेची आठवण त्या झुंजीमुळे आहे, फिलिपिनो माणसाला मात्र दुसऱ्याच कारणाने.

लीगची घटना व्यापाऱ्यांनी व्यापाऱ्यांसाठी केलेली होती. प्रत्येक पेढीचा एक प्रतिनिधी ‘गव्हर्नर’ म्हणून नियामक मंडळावर बसे व हे मंडळ एका कमिशनरची नेमणूक करी. पहिला मान लिओपोल्डो प्रिएतो यांना मिळाला. वर्षातून एकच अजिंक्यपद ठेवण्याऐवजी हंगामाचे तीन भाग पाडून तीन स्वतंत्र स्पर्धा घेण्याची वहिवाट पडली. त्यांपैकी एक केवळ देशी खेळाडूंची, तर इतर स्पर्धांत प्रत्येक संघाला परदेशी, म्हणजे व्यवहारात अमेरिकन, खेळाडू आणण्याची मुभा. तिन्ही स्पर्धा एकाच वर्षात जिंकणे याला ‘ग्रँड स्लॅम’ म्हणतात, आणि पन्नास वर्षांत ते केवळ पाच वेळा साधले आहे: क्रिस्पाला १९७६ व १९८३ मध्ये, सॅन मिगेलला १९८९ मध्ये, अलास्काला १९९६ मध्ये, आणि सॅन मिग कॉफीला २०१४ मध्ये.

यांपैकी क्रिस्पा हे नाव उच्चारले की सत्तरी ओलांडलेला मनिलाकर अजूनही दोहोंपैकी एका बाजूला झुकतो. क्रिस्पा ही गंजीफ्रॉक व सदरे विणणारी फ्लोरो घराण्याची पेढी; कापड धुतल्यावर आटू नये म्हणून तिच्या कारखान्यात जी प्रक्रिया करीत, तिच्यावरून संघाचे नाव ‘रेडमनायझर्स’ ठेवलेले. समोर टोयोटा, म्हणजे त्या जपानी मोटारी फिलिपीन्समध्ये जोडून विकणाऱ्या डेल्टा मोटर्सचा संघ. क्रिस्पाकडे अ‍ॅटॉय को, फिलिप सेझार, बॉग्ज अडोर्नाडो आणि त्यांना शिस्तीच्या चाकोरीत ठेवणारे मितभाषी प्रशिक्षक व्हर्जिलिओ दालुपान, ज्यांना सारा देश ‘बेबी’ म्हणे व ज्यांच्या नावावर पुढे पंधरा अजिंक्यपदे जमा झाली; टोयोटाकडे जावोर्स्की, फ्रान्सिस अर्नेझ आणि लांब हातांचा रामोन फर्नांडेझ. पहिल्या वर्षीच्या तिन्ही अंतिम लढती याच दोघांत झाल्या. पहिल्या दोन टोयोटाने जिंकल्या, तिसरी क्रिस्पाने. देशात १९७२ पासून लष्करी कायदा लागू होता, वर्तमानपत्रांवर नियंत्रण होते, सभाबंदी होती, आणि अशा काळात मोकळेपणी ओरडण्याची, कोणाचा तरी उघड निषेध करण्याची जी थोडी ठिकाणे उरली होती, त्यांत अरानेताच्या बाकांची गणना केली पाहिजे. क्रिस्पा आणि टोयोटा यांच्या वैराला जी धार आली, तिचा काही अंश या कोंडमाऱ्याचा होता, असे मला वाटते.

एप्रिल १९७७ मधील एका सामन्यानंतर ही धार प्रत्यक्ष मुष्टियुद्धापर्यंत गेली. दोन्ही संघ मैदानाबाहेर, कपडे बदलण्याच्या खोल्यांच्या वाटेवर, एकमेकांना भिडले; आणि सरकारने, ज्याला सुव्यवस्थेचा मोठा सोस होता, या नामांकित खेळाडूंना फोर्ट बोनिफासिओ येथील लष्करी छावणीत नेऊन रात्रभर डांबून ठेवले. ज्यांच्या छायाचित्रांखाली सदरे आणि मोटारी विकल्या जात, ते एका रात्रीपुरते राजबंद्यांच्या शेजारी निजले. दुसऱ्या दिवशी सुटका झाली; आणि या प्रसंगाने लीगची बदनामी होण्याऐवजी पुढच्या लढतींची तिकिटे मिळेनाशी झाली.

परदेशी खेळाडूंचे प्रकरण याहून गमतीचे आहे. अमेरिकेतील मोठ्या लीगने ज्यांना घेतले नाही किंवा घेऊन सोडून दिले, अशा खेळाडूंना काही महिन्यांच्या मुदतीवर आणावयाचे, आणि देशी खेळाडू अगदीच झाकोळले जाऊ नयेत म्हणून त्यांच्या उंचीवर मर्यादा घालावयाची, अशी ही तजवीज. त्यामुळे स्पर्धेपूर्वी या पाहुण्यांची मोजणी होते, आणि अर्धा इंच जास्त भरला म्हणून पुढच्या विमानाने परत गेलेले गृहस्थही या इतिहासात आहेत. पूर्वी पोर्टलँडच्या संघात खेळलेला बिली रे बेट्स याने १९८३ साली क्रिस्पाला दुसरे ग्रँड स्लॅम मिळवून देताना असा काही धुमाकूळ घातला की, त्याचे नाव आज मायदेशात थोडक्यांना ठाऊक असले तरी मनिलात ते विसरलेले नाही. १९९२ मध्ये टोनी हॅरिसने एकाच सामन्यात १०५ गुण केले. देशी खेळाडूंतील उच्चांक अ‍ॅलन काइदिक याचा: १९९१ साली ७९ गुण, त्यांत तीन गुणांच्या रेषेबाहेरून सतरा अचूक फेका.

१९८३ चे ते क्रिस्पाचे ग्रँड स्लॅम दालुपान यांनी नव्हे, तर टॉमी मानोतोक यांनी प्रशिक्षक म्हणून मिळविले. हे गृहस्थ तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांचे जावई. सासरच्या मंडळींना न रुचलेल्या या विवाहानंतर काही दिवसांतच ते नाहीसे झाले होते, आणि अनेक आठवड्यांनी लष्कराने त्यांची बंडखोरांच्या तावडीतून मुक्तता केल्याचे जाहीर केले, ज्यावर विश्वास ठेवणारे फार थोडे निघाले. असा माणूस पुन्हा बाकावर येऊन बसतो आणि चेंडू कोणाकडे द्यावा हे सांगतो, ही गोष्ट मला तरी त्याच्या तिन्ही अजिंक्यपदांहून अधिक विस्मयकारक वाटते.

परंतु त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये विरोधी नेते बेनिग्नो अकिनो यांची मनिलाच्या विमानतळावर हत्या झाली, परकीय भांडवल पळू लागले, पेसोची किंमत घसरली, आणि पेढ्यांवर उभा राहिलेला खेळ पेढ्यांबरोबर डगमगू लागला. डेल्टा मोटर्स आधीच कर्जात बुडाली होती. १९८४ चा हंगाम सुरू होण्यापूर्वीच टोयोटाचा संघ विकला गेला, आणि तो हंगाम संपल्यावर क्रिस्पाही बाहेर पडली. नऊ अजिंक्यपदे मिळविणारी एक आणि तेरा मिळविणारी दुसरी, दोन्ही नावे वर्षभरात पुसली गेली. गावाचा संघ हरला तरी गाव जागेवर राहते. पेढीचे दिवाळे निघाले की निष्ठेला उभे राहण्यास जागाच उरत नाही. लीग येथेच संपावयाची. ती संपली नाही, याचे श्रेय पुष्कळसे एका माणसाकडे जाते.

टोयोटा विकली गेली तेव्हा जावोर्स्कीने नव्या मालकाकडे रुजू होण्याचे नाकारले आणि अर्नेझसह गिलबीज जिन या तोवर यथातथाच असलेल्या संघात प्रवेश केला. लवकरच तो तेथे खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी वावरू लागला, आणि संघाचे नावही बदलून ‘हिनेब्रा’ झाले. ही जिन गरिबाची. कोपऱ्यावरच्या दुकानात चौकोनी बाटलीतून मिळणारी आणि चौघांत एकच पेला फिरवून पिण्याची. तेव्हा पैशाने लहान, वयाने पोक्त आणि धक्काबुक्कीस सदैव तयार अशा या संघात दरिद्री मनिलाने आपले रूप पाहिले. १९८५ मधील एका सामन्यात प्रतिस्पर्ध्याच्या कोपराने जावोर्स्कीचा ओठ फाटला, त्याला इस्पितळात नेले, नऊ टाके घालण्यात आले, आणि चौथा डाव चालू असताना तो परतून मैदानाच्या कडेला उभा राहिला. प्रेक्षागृहात जो कल्लोळ उठला, त्यात प्रतिस्पर्ध्यांची मोठी आघाडी वाहून गेली आणि हिनेब्रा जिंकली. ‘हार म्हणू नका’ हा त्या संघाचा बाणा तेव्हापासूनचा. पुढल्या वर्षी त्यांना पहिले अजिंक्यपद मिळाले. आणि जावोर्स्की पन्नाशी उलटेपर्यंत खेळत राहून १९९८ साली सिनेटवर निवडून गेला. त्याच्यापूर्वी फ्रेडी वेब हा खेळाडूही तेथे जाऊन आला होता. मतदारांनी नाव ओळखावे म्हणून इतरत्र उमेदवार पत्रके वाटतात. येथे ते काम बाटलीवरच्या चिठ्ठीने आधीच केलेले होते.

दुसऱ्या प्रकारची निष्ठा अलास्काने मिळविली. डबाबंद दुधाच्या या संघात टिम कोन या मूळच्या अमेरिकन पण फिलिपीन्समध्ये वाढलेल्या प्रशिक्षकाने १९८९ पासून दोन दशकांहून अधिक काळ काम केले; आरडाओरडीवाचून, ठरीव आखणीने खेळणारा संघ त्याने घडविला, आणि पुढे दुसऱ्या पेढ्यांत जाऊन दालुपान यांचा उच्चांकही मागे टाकला. अलास्काने चौदा अजिंक्यपदे मिळविली, आणि २०२२ मध्ये पस्तीस वर्षांनंतर संघ इंटरनेट पुरविणाऱ्या एका कंपनीस विकून टाकला.

गावांच्या नावाने लीग चालविण्याचा प्रयोग कोणी केलाच नाही, असे नाही. १९९८ साली मेट्रोपॉलिटन बास्केटबॉल असोसिएशन निघाली. तिच्यात सेबू, नेग्रोस, पंपांगा अशा मुलखांचे संघ होते, घरचे आणि बाहेरचे सामने होते, आणि पाठीशी एक बलाढ्य दूरचित्रवाणी कंपनी होती. तर्कशास्त्राने पाहता विजय तिचाच व्हावयास हवा होता. पण हजारो बेटांच्या देशात संघ विमानाने व बोटीने हिंडविण्याचा खर्च भागेना, कंपनीने हात काढून घेतला, आणि २००२ मध्ये ती लीग मिटली. (२०१८ पासून मुष्टियोद्धा मॅनी पॅक्याओ याने पुन्हा गावोगावच्या संघांची एक लीग चालविली आहे, त्याच पॅक्याओने २०१४ मध्ये किया मोटारींच्या संघातून, प्रशिक्षक आणि खेळाडू म्हणून, पी. बी. ए.मध्ये पदार्पण केले तेव्हा प्रेक्षक पन्नास हजारांवर होते आणि त्याचा खेळ जेमतेम होता.) पेढीला गाव नसल्यामुळे तिचे चाहते सर्व बेटांवर पसरलेले असतात, जे उणे वाटत होते, तेच व्यापारास सोयीचे ठरले. १५ जानेवारी २०२३ रोजी हिनेब्रा आणि हाँगकाँगहून आलेला पाहुणा संघ यांच्यातील सातव्या व निर्णायक लढतीस बुलाकान प्रांतातील फिलिपीन अरेनात ५४,५८९ माणसे जमली होती.

राष्ट्रीय संघाचा जुना तंटा मात्र दीर्घकाळ भोवला. खेळाडू व्यावसायिक झाले म्हणून आंतरराष्ट्रीय स्पर्धांची दारे त्यांना बंद झाली, आणि १९५१ पासून ओळीने चार आशियाई सुवर्णपदके मिळविणारा देश पाहता पाहता मागे पडला. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने हा निर्बंध काढल्यावर १९९० च्या बीजिंग आशियाई खेळांत जावोर्स्कीच्या मार्गदर्शनाखाली व्यावसायिकांचा संघ गेला व रौप्यपदक घेऊन आला; सुवर्णासाठी २०२३ च्या हांगझोऊपर्यंत, म्हणजे १९६२ नंतर एकसष्ट वर्षे, वाट पाहावी लागली. तेथे प्रशिक्षक टिम कोन होता, आणि उपांत्य फेरीत चीनविरुद्धचा हातचा गेलेला सामना ७७–७६ असा फिरविणारा जस्टिन ब्राउनली हा हिनेब्राचा परदेशी पाहुणा, ज्याला त्याच वर्षी खास कायदा करून नागरिकत्व बहाल करण्यात आले होते.

आज लीगमध्ये जे बारा संघ असतात, त्यांतील तीन सॅन मिगेल या एकाच उद्योगसमूहाचे आहेत आणि तीन मॅन्युएल पांगिलिनान यांच्या टेलिफोन, वीज व महामार्ग चालविणाऱ्या समूहाचे. १९७५ च्या नऊ संघांपैकी, नावे बदलत का होईना, सॅन मिगेल एवढा एकच टिकला आहे. सख्ख्या भावांनी परस्परांविरुद्ध खेळावे आणि लहान पेढ्यांनी आपले उत्तम खेळाडू थोरल्यांना देऊन मोबदल्यात राखीव खेळाडू स्वीकारावेत, ही तक्रार वर्षानुवर्षे चालू आहे. २०१७ मध्ये कियाने नवोदितांच्या निवडीतील आपला पहिला हक्क सॅन मिगेलला देऊन टाकला, आणि त्या हक्काने क्रिस्टियन स्टँडहार्डिंगर हा फिलिपिनो-जर्मन मध्यरक्षक अशा संघात गेला, ज्याच्याकडे लीगमधील सर्वोत्तम मध्यरक्षक जून मार फाहार्डो आधीपासून होता. व्यवहारास मंजुरी देणाऱ्या कमिशनरविरुद्ध नियामक मंडळ उभे दुभंगले, आणि अखेर त्यांना पद सोडावे लागले. स्टँडहार्डिंगर पुढे दुसऱ्या एका पेढीकडे गेला, आणि २०२१ मध्ये तेथून हिनेब्रात आला, म्हणजे पुन्हा सॅन मिगेलच्याच घरात. आणि २०१७ मध्ये त्या व्यवहाराबद्दल संतापलेल्या प्रेक्षकांपैकी जे हिनेब्राचे होते, त्यांनी त्याचे टाळ्या वाजवून स्वागत केले.